गाणे उरले, गाणारा कोठे गेला?

(परभणी येथील एका विहारात वैशाख पौर्णिमेच्या सायंकाळी दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजच्या मंगल दिनी धम्मावर बोलण्याचा अधिकार माझ्यापेक्षा इतरांचा मोठा आहे. मी वकिली करणारा एक साधा मनुष्य. कज्जे, खरेदीखते, वारसांचे दाखले यांतच माझे दिवस जातात. तेव्हा मी आज धम्मदेसना देणार नाही. ज्यांच्या कंठातून बाबासाहेबांचा विचार आपल्या ओसरीपर्यंत आला, त्या गाणाऱ्यांविषयी मी बोलणार आहे. त्यांचे ऋण आपण कसे मानतो आणि कसे बुडवतो, हे तुमच्यापुढे मांडणार आहे.

कार्यक्रमाच्या आरंभी येथील मुलांनी तीन गीते म्हटली. फारच सुरेख म्हटली. ढोलकी वाजविणाऱ्या मुलाला मी जवळ बोलावून विचारले, "बाळ, हे दुसरे गीत कोणाचे?" तो म्हणाला, "काका, ते मोबाईलवरचं आहे." मी हसलो, पण मनातून खजील झालो. खजील अशासाठी की त्याच्या वयाचा असताना मीही असेच उत्तर दिले असते. फक्त मोबाईलच्या जागी कॅसेट म्हटले असते. गीत कोठून आले हे आपणास ठाऊक असते, कोणापासून आले हे ठाऊक नसते. आपले गाणे जिवंत आहे आणि गाणारा मात्र आपल्याच घरात बेवारस झाला आहे.

प्रथम हे ऋण केवढे आहे ते पाहू. म. फुले यांनी २४ सप्टेंबर १८७३ रोजी सत्यशोधक समाज स्थापिला. त्याचा विचार खेड्यापाड्यांत नेण्याचे काम पुढे सत्यशोधक जलशांनी केले. ज्या समाजास अक्षर नाकारले होते, त्याला पुस्तक देऊन काय उपयोग? त्याला गाणे द्यावे लागते. गाणे पाठ होते, आणि जे पाठ झाले ते कोणी हिरावून घेऊ शकत नाही. हीच वाट पुढे आंबेडकरी जलशांनी चालविली. १९३०च्या दशकात नाशिककडील भीमराव कर्डक आणि त्यांचे सहकारी डफ-ढोलकी घेऊन गावोगाव हिंडले. महाड काय, काळाराम मंदिराचा सत्याग्रह काय, तो का झाला हे त्यांनी निरक्षर बायाबापड्यांना हसवीत आणि रडवीत समजावून सांगितले. आपल्या दहा सभांइतके काम कर्डकांचा एक जलसा करतो, अशा अर्थाचे उद्गार बाबासाहेबांनी काढले होते, असे आपल्यात परंपरेने सांगितले जाते. भीमरावांनी या चळवळीची हकिकत 'आंबेडकरी जलसे' या पुस्तकात स्वतः लिहून ठेवली, हे त्यांचे आपल्यावर दुसरे ऋण होय. ज्यांनी लिहून ठेवले नाही, त्यांच्या जलशांची आज गावांची नावेसुद्धा सापडत नाहीत.

आपला हा मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. शाळा थोड्या, आणि त्यांत आपल्या मुलांना जागा त्याहून थोडी. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरास दीक्षा झाली आणि अवघ्या ५३ दिवसांनी, ६ डिसेंबरला, बाबासाहेब गेले. धम्म तर स्वीकारला, परंतु तो शिकविणारा राहिला नाही, अशी त्या पिढीची अवस्था झाली. जुने देव पाण्यात सोडले, जुनी गाणीही सोडली. मग बारशाला काय म्हणावे? लग्नात काय म्हणावे? मयताच्या रात्री, घर सुन्न असताना, काय म्हणावे?

तुमच्यापैकी ज्या कुटुंबांनी अलीकडे दीक्षा घेतली आहे, त्यांना ही पोकळी माझ्यापेक्षा अधिक जाणवली असेल. घरातील फोटो बदलणे सोपे असते, ओठावरचे गाणे बदलणे कठीण असते. ती पोकळी ग्रंथांच्या आधी गीतांनी भरून काढली. बावीस प्रतिज्ञा वाचून दाखविण्यापूर्वीच आपल्या आयांनी त्यांचा अर्थ पाळण्यात गाऊन दाखविला होता.

या गाणाऱ्यांत सर्वांत अग्रभागी नाव येते ते वामनदादा कर्डक यांचे. वामन तबाजी कर्डक यांचा जन्म १५ ऑगस्ट १९२२ रोजी नाशिक जिल्ह्यातील सिन्नर तालुक्याच्या देशवंडी गावी झाला. शाळेचे तोंड त्यांनी पाहिले नव्हते. मुंबईस येऊन मिळेल ती मजुरी केली. एके दिवशी कोणीतरी त्यांच्या हाती पत्र देऊन वाचून दाखविण्याची विनंती केली, आणि हा धडधाकट तरुण ओशाळून उभा राहिला. त्या लज्जेने त्यांना अक्षराकडे नेले. देहलवी नावाच्या मास्तरांकडून त्यांनी मुळाक्षरे गिरविली आणि रस्त्यावरील दुकानांच्या पाट्या वाचीत वाचन पक्के केले. १९४३च्या सुमारास त्यांनी पहिले गीत रचले. त्यानंतर १५ मे २००४ रोजी देहावसान होईपर्यंत, म्हणजे सुमारे साठ वर्षे, हा मनुष्य गात राहिला.

त्यांची काही गीते 'वाटचाल', 'मोहळ' अशा संग्रहांतून छापली गेली. मराठी चित्रपटांसाठीही त्यांनी गीते लिहिली. परंतु त्यांच्या रचनांचा फार मोठा भाग वह्यांत, चिठ्ठ्यांवर, मुक्काम केलेल्या घरांत आणि शिष्यांच्या तोंडी विखुरला. ज्या घरी जेवले तेथे एक गाणे ठेवून पुढच्या गावी गेले. ती घरे आपलीच होती. तुम्ही आपल्या माळ्यावरची जुनी पेटी कधी उघडून पाहिली आहे काय?

दुसरे नाव प्रल्हाद शिंदे यांचे. तो खणखणीत आवाज ऐकला नाही असे घर महाराष्ट्रात विरळा. त्यांनी भीमगीते गायिली, कव्वाल्या गायिल्या आणि विठ्ठलाची भक्तिगीतेही गायिली. आपल्यातील काही मंडळी या शेवटच्या गोष्टीवरून नाक मुरडतात. त्यांना माझे एवढेच सांगणे आहे की, गाणे हा त्या माणसाचा चरितार्थ होता, आणि त्याच्या कुटुंबाचे पोट भरण्याइतकी बिदागी आपल्या सभांनी त्याला दिली होती काय, हे आधी आपणच आपल्याला विचारावे. त्यांचेही निधन २००४ सालीच झाले. पुत्र आनंद व मिलिंद आणि नातू आदर्श यांनी तो वारसा चालविला आहे.

तिसरे विठ्ठल उमप. जन्म १९३१चा. लोककलेचा असा एकही प्रकार नसेल जो त्यांच्या गळ्याला वश नव्हता. 'जांभूळ आख्यान' पाहिलेला मनुष्य ते जन्मभर विसरत नाही. २६ नोव्हेंबर २०१० रोजी, म्हणजे संविधान स्वीकारल्याच्या दिवशीच, नागपुरास दीक्षाभूमीवरील कार्यक्रमात व्यासपीठावरच ते कोसळले आणि गेले.

आणि चौथे नाव मी जड अंतःकरणाने घेतो. ११ जुलै १९९७ रोजी मुंबईत घाटकोपरच्या रमाबाई नगरात पोलिसांच्या गोळीबारात १० माणसे ठार झाली. त्यानंतर थोड्याच दिवसांत शाहीर विलास घोगरे यांनी आपले जीवन संपविले. दुसऱ्यांचे दुःख गाणाऱ्याचे दुःख आपण वेळेवर ऐकले पाहिजे, एवढाच बोध मी त्यातून घेतो.

पुरुषांचीच नावे घेतली म्हणून आमच्या भगिनी रागावतील, आणि त्यांचा राग रास्त आहे. बाबासाहेबांवरील पहिल्या ओव्या जात्यावर रचल्या गेल्या आणि त्या रचणाऱ्या स्त्रिया होत्या. गी प्वातव्हँ आणि हेमा राईरकर यांनी आपल्या सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातील जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. एक हजारावर गावांतून एक लाखाहून अधिक ओव्या जमल्या. त्या कामाची थोरवी मला एका गोष्टीत दिसते. ओवीबरोबर ओवी गाणारीचे नाव आणि तिचे गाव नोंदविले आहे. शेजारच्या बीड जिल्ह्यातील माजलगावच्या राधाबाई बोऱ्हाडे यांच्या भीमावरील ओव्या आज त्यांच्या नावाने ऐकता येतात. नाव लिहून घेण्यास किती वेळ लागला असेल? अर्धा मिनिट. त्या अर्ध्या मिनिटाने एक स्त्री विस्मृतीतून वाचली.

आता नाव राखण्याची आपल्याच जिल्ह्यातील एक जुनी युक्ती सांगतो. गंगाखेड येथे गोदावरीच्या काठी जनाबाईंचे गाव आहे. जनाबाईंची श्रद्धा आपली नव्हे, परंतु त्यांच्या स्थितीचा विचार करा. जात शूद्राची, जन्म स्त्रीचा, काम परक्या घरी दळण्या-कांडण्याचे. जमीन नाही, घर नाही. अशा स्त्रीचे नाव सुमारे ७०० वर्षे कसे टिकले? तिने प्रत्येक अभंगाच्या शेवटी आपले नाव गोवून ठेवले म्हणून. चोखोबांच्या पत्नी सोयराबाईंनीही तेच केले. त्यांच्या मुद्रेत जातीचा उल्लेख होता, तरी त्या मुद्रेनेच त्यांना वाचविले. ज्याच्या नावे सातबारा नाही, त्याने शेवटच्या कडव्यालाच सातबारा केला.

वामनदादांनी हीच रीत उचलली. त्यांच्या गीतांच्या अखेरच्या कडव्यात बहुधा 'वामन' हे नाव असते. ती त्यांची सही होय. आणि आज आपण काय करतो? लग्नात वेळ कमी असतो म्हणून दोन कडवी म्हणून थांबतो. मोबाईलवर गाणे आखूड करून टाकले जाते, आणि कापले जाते ते नेमके शेवटचे कडवे. सही फाडलेला दस्त ज्या योग्यतेचा, त्याच योग्यतेचे ते गाणे होते. ते सुंदर राहते, परंतु ते कोणाचे हे सिद्ध करता येत नाही.

मी हे केवळ अलंकाराने बोलत नाही. काही वर्षांपूर्वी पूर्णा तालुक्यातील एक वृद्ध बाई माझ्याकडे आल्या. पती गायक होते, वारून बरीच वर्षे झाली होती. पदराखाली एक पत्र्याची पेटी होती. पेटीत दोन वह्या, एक तडा गेलेली कॅसेट आणि एक कागद. "वकील साहेब, मालकांनी सगळी गाणी विकून टाकली म्हणतात. मग या वह्या ठेवू का टाकू?" असे त्यांनी विचारले. मी कागद वाचला. तो १९९८ सालचा होता. चार गाण्यांचे पहिले शब्द लिहिलेले, एकरकमी काही शे रुपये मिळाल्याची पावती, खाली सही. गाणी चारच, आणि हक्क किती मुदतीसाठी दिला याचा कोठेही उल्लेख नाही.

कायदा असा आहे की, हक्क लिहून देताना मुदत नमूद केली नसेल तर ती ५ वर्षांची समजावी. म्हणजे त्या चार गाण्यांचा हक्क २००३ सालीच घरी परत आला होता. ज्यांनी तो घेतला ते दुकान केव्हाच बंद झाले होते. वीस वर्षे ती बाई आपली मालमत्ता परक्याची समजून सांभाळीत होती. हे मी सांगितले तेव्हा त्या काही बोलल्या नाहीत. पेटीचे झाकण लावले आणि त्यावर हात ठेवून बसल्या.

पण गोष्ट येथे संपत नाही. त्यांनी मग एका पाचव्या गाण्याचे नाव काढले. ते गाणे ऐकताच मी चमकलो. ते मी लहानपणापासून म्हणत आलो होतो. विधि महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनात मी स्वतः ते गायिले होते. त्याचा कर्ता माझ्या गावापासून सात-आठ कोसांवर राहत होता, हे मला ठाऊक नव्हते. ते गाणे आज अनेकजण गातात, आणि कर्त्याच्या जागी 'पारंपरिक' असे लिहितात. बाईंचे म्हणणे, ते मालकांचे. मी ते खरे मानतो. परंतु वह्या मूळच्या पाच होत्या, तीन वाळवीने खाल्ल्या, आणि ते गाणे त्या तीनपैकी एकीत होते. साथीदार वारले होते. शेवटचे कडवे, ज्यात त्यांचे नाव होते, ते मला आठवेना, बाईंनाही पुरते आठवेना. दोन-चार गायकांना विचारले, त्यांनी ते कधी ऐकलेच नव्हते. न्यायालयापुढे ठेवण्यासारखे माझ्याजवळ काहीच राहिले नाही. मी ते काम घेऊ शकलो नाही. संमेलनात मीही ते कडवे गाळले होते, हे मात्र मला पक्के आठवले.

बंधू-भगिनींनो, हे दैव आपल्याच वाट्याला आले आहे असे नाही. बाबासाहेबांनी १९४६ साली अमेरिकेतील निग्रो समाजाचे थोर विद्वान डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांना पत्र लिहून त्या समाजाच्या प्रश्नाशी आपले साम्य सांगितले होते. १९७२ साली मुंबईत दलित पँथर निघाली तिचे नावही तिकडूनच आले. त्या समाजाच्या गाण्याची कथा आपल्या कथेशी इतकी जुळते की ती सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

गुलामीत पिढ्या गेलेल्या त्या लोकांनाही अक्षर नाकारलेले होते. त्यांनी आपले दुःख प्रार्थनामंदिरातील गाण्यांत साठविले. तेच गाणे पुढे बाजारात, नाचघरात, रेडिओवर आले, आणि त्यास सोल, म्हणजे आत्म्याचे संगीत, असे नाव पडले. जगभर गाजलेले रॉक संगीतही मोठ्या अंशी त्यांच्याच गाण्याच्या पायावर उभे आहे. बिग मामा थॉर्नटन नावाच्या गायिकेने 'हाउंड डॉग' हे गाणे १९५२ साली ध्वनिमुद्रित केले. दोन गोऱ्या तरुणांनी ते तिच्यासाठी लिहिले होते, परंतु त्याला रूप दिले तिच्या आवाजाने. त्या गाण्यापासून आपणास सुमारे ५०० डॉलर मिळाले, असे ती सांगत असे. चार वर्षांनी, १९५६ साली, एल्विस प्रेस्ले या गोऱ्या गायकाने तेच गाणे गायिले आणि ते जगभर खपले. आज हाउंड डॉग म्हटले की लोकांना प्रेस्ले आठवतो.

सॅम कुक हा धर्मोपदेशकाचा मुलगा, जन्म १९३१चा. प्रार्थनागीते गात मोठा झाला. त्याने एक शहाणपणा केला. आपल्या गाण्यांचे हक्क सांभाळणारी संस्था आणि ध्वनिमुद्रिका काढणारी कंपनी त्याने स्वतः भागीदारीत उभारली. १९६३ साली लुइझियाना राज्यातील एका हॉटेलाने कातडीच्या रंगामुळे त्याला खोली नाकारली. त्यानंतरच्या काळात त्याने बदल येणारच असे सांगणारे जे गाणे रचले, ते नागरी हक्कांच्या चळवळीचे गाणे झाले. डिसेंबर १९६४ मध्ये, वयाच्या ३३व्या वर्षी तो मारला गेला. परंतु त्या गाण्यावर त्याचे नाव आहे, आणि ते कोणी पुसू शकलेले नाही.

आणि अरेथा फ्रँकलिन! तीही धर्मोपदेशकाची मुलगी, जन्म १९४२चा. 'रिस्पेक्ट', म्हणजे मान, हे गाणे ओटिस रेडिंग या गायकाने १९६५ साली लिहिले व गायिले. १९६७ साली अरेथाने ते गायिले तेव्हा त्याचा अर्थच पालटला. पुरुषाने घरात मागितलेला मान, स्त्रीने आणि साऱ्या समाजाने जगाकडे मागितलेला मान झाला. त्याच वर्षी रेडिंग विमान अपघातात गेला, वय अवघे २६. आता कायद्याची गंमत पाहा. अमेरिकेत साध्या रेडिओवर गाणे वाजले की मोबदला लिहिणाऱ्याला मिळतो, गाणाऱ्याला मिळत नाही. ज्या आवाजाने ते गाणे अमर केले, त्या आवाजाला रेडिओवरून त्याचा मोबदला मिळाला नाही. १९८७ साली रॉक संगीताच्या सन्मानालयात स्थान मिळालेली ती पहिली स्त्री ठरली. मान मिळाला, दाम मिळाला नाही.

अरेथा २०१८ साली गेली. एवढी मोठी गायिका, परंतु रीतसर मृत्युपत्र केलेले नव्हते. पुढे तिच्या घरात हाताने लिहिलेले कागद सापडले. त्यांपैकी २०१४चा कागद कोचाच्या गादीखाली होता. कोणता कागद खरा, यावर मुलांत वाद झाला आणि २०२३ साली पंचांनी २०१४चा कागद ग्राह्य धरला. पाच वर्षे गेली. आमच्या पूर्णेच्या बाईंची पेटी आणि अरेथाचा कोच यांत मला तरी फार अंतर दिसत नाही.

आपल्या देशात कायदा काय म्हणतो? १९५७चा कॉपीराइट कायदा, म्हणजे लेखकाच्या हक्काचा कायदा, शाहिरालाही लागू आहे. गीत रचून कागदावर उतरविले की त्याच क्षणी हक्क जन्मास येतो. नोंदणी केली तर पुरावा बळकट होतो, पण नोंदणीवाचून हक्क बुडत नाही. तो हक्क कर्त्याच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षे टिकतो. वामनदादा २००४ साली गेले. म्हणजे त्यांच्या शब्दांवरील हक्क २०६४ च्या अखेरपर्यंत जिवंत आहे. उलट नागपूरचे आद्य दलित कवी किसन फागूजी बनसोडे १९४६ साली वारले. त्यांची कविता आता सर्वांची झाली आहे, ती कोणीही छापावी.

गाणाऱ्याचाही स्वतंत्र हक्क आहे, तो ५० वर्षांचा. २०१२ साली या कायद्यात मोठी सुधारणा झाली. ध्वनिमुद्रणाचा व्यापारी उपयोग होत असेल तर गाणाऱ्याला मोबदल्याचा वाटा मिळाला पाहिजे, असे त्यात आले. गीतकार व संगीतकार यांनी हक्क विकला तरी मोबदल्यातील समान वाट्याचा हक्क ते विकू शकत नाहीत, असेही आले. आणि सर्वांत महत्त्वाचे कलम ५७. गाणे विकले तरी 'हे माझे आहे' असे म्हणण्याचा हक्क विकला जात नाही. कर्त्याच्या पश्चात त्याचे वारससुद्धा तो सांगू शकतात.

हे ऐकून कोणी घाबरू नये. उद्या विहारात गाणे म्हटले तर फौजदार येईल काय, असा प्रश्न एका वृद्ध उपासकांनी मला विचारला होता. येणार नाही. धार्मिक विधीत, तसेच लग्नसमारंभात व वरातीत गीत गाणे हा कायद्याने भंग मानलेला नाही. भीमगीत हे समाजाचे धन आहे आणि ते मुक्तपणे गायिले गेलेच पाहिजे. कर्त्यांनी ते त्यासाठीच रचले. माझे म्हणणे गाण्याला कुलूप लावा असे नाही. गाण्याला नाव लावा, एवढेच आहे. आणि जेथे कोणी त्यावर पैसा मिळवीत असेल, तेथे गाणाऱ्याच्या घरचाही वाटा असावा.

तेव्हा तुमच्या नव्या संसाराला मी काही नव्या रीती सुचवितो. दीक्षेबरोबर आपण अनेक जुन्या रीती टाकल्या. ज्या नव्या धरायच्या, त्यांत या असाव्यात.

गीत म्हणण्यापूर्वी कर्त्याचे नाव उच्चारावे. नाव ठाऊक नसेल तर 'पारंपरिक' म्हणून मोकळे होऊ नये, विचारपूस करावी. शेवटचे कडवे कधीही गाळू नये. वेळच नसेल तर मधले गाळा, पण सही राहू द्या.

प्रत्येक विहारात एक जाड वही ठेवावी. गीत, कर्ता, गाणारा, गाव, कोणाकडून ऐकले आणि कोणत्या तारखेस उतरवून घेतले, एवढे रकाने पुरेत. शाळेत जाणाऱ्या मुलींनी आपल्या आज्यांची गाणी त्यात उतरवावीत. उद्या वाद निघाला तर तीच वही साक्षीला उभी राहील.

गायकाला बोलावताना बिदागी आधी ठरवावी आणि ती वेळेवर द्यावी. रात्रभर गाऊन सकाळी एस. टी.च्या भाड्यासाठी त्याला चार दारे फिरावी लागणे, ही आपल्या जयंतीला न शोभणारी गोष्ट होय. ध्वनिमुद्रणासाठी कोणी कागद पुढे केला तर गायकाने तो वाचल्यावाचून सही करू नये. कोणती गाणी, किती रक्कम, किती मुदत, हे तीन प्रश्न विचारावेत.

आणि ज्याच्या घरी अशा वह्या असतील त्याने मृत्युपत्र करावे. साध्या कागदावरही चालते. करणाऱ्याची सही आणि दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात. अप्रकाशित वही मृत्युपत्राने दिली, तर निराळे काही लिहिले नसेल तेव्हा वहीबरोबर हक्कही जातो, असे कायद्यातच आहे. म्हणून वही रद्दीच्या भावात देऊ नका. तिच्यात तुमच्या मुलांचा वारसा आहे.

माणसाला नाव नाकारणे ही अस्पृश्यतेची पहिली पायरी होती. आपल्या आजोबांना गावाने नावाने हाक मारली नाही, जातीने मारली. ती हाक पालटावी म्हणून बाबासाहेबांनी आयुष्य वेचले. मग त्यांचेच गीत गाताना, ज्याने ते रचले त्याचे नाव आपणच पुसावे, ही गोष्ट आपणास शोभते काय?

पूर्णेच्या त्या बाई आता हयात नाहीत. त्यांच्या दोन वह्या नातवाने उतरवून काढल्या आहेत, आणि प्रत्येक गीताखाली आजोबांचे नाव घातले आहे. पाचव्या गाण्याचे शेवटचे कडवे अद्याप सापडलेले नाही. आपल्या जिल्ह्यात, जिंतूरला, सेलूला, पाथरीला, सोनपेठला, कोणा म्हाताऱ्या माणसाच्या तोंडी ते असू शकेल. आज रात्री घरी गेल्यावर आपल्या आजीला एवढेच विचारा, "आजी, तुझी गाणी कोणाची?" आणि ती सांगेल ते नाव वहीत लिहून ठेवा.

जय भीम.